फक्त मातीवर हात उगारला नाही

बापाच्या हातचा पहिला मार मी खाल्ला तो एका चाळणीपायी. त्याची बारीक जाळीची चाळण मी खेळायला अंगणात नेली होती, आणि तो कामावरून आला तेव्हा तिच्यातून खडे गाळत बसले होते. त्यानं काही विचारलं नाही. चाळण माझ्या हातातून काढून घेतली, जाळीला कुठं भोक पडलं नाही ना ते उजेडात धरून पाहिलं, ती नीट बाजूला ठेवली आणि मग मला मारलं. शाळेत घालण्याइतकीही मी मोठी नव्हते. नाकातून रक्त आलं. आईनं मला उचललं तर तिलाही एक बसली, बहुधा मला उचलल्याबद्दल.

तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं. इथं अरे-तुरे करणार आहे, एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

तो कापड गिरणीत होता, धुलाई आणि रंगाईच्या. कोरं कापड आधी पेरॉक्साइडमध्ये उकळून पांढरं करतात. रंग द्यायच्या आधी ते पेरॉक्साइड पार गेलं पाहिजे, नाहीतर रंग धरण्याआधीच जळतो आणि सगळं थान डागाळतं. नुसत्या पाण्यानं धूत बसलं तर तळं आटेल. म्हणून एन्झाइम घालतात. ते पेरॉक्साइडचा फडशा पाडतं, मागं उरतं साधं पाणी आणि बुडबुडे. अडचण एवढीच की मोकळं ओतलेलं एन्झाइम त्याच पाण्याबरोबर गटारात जातं आणि दर वेळी नवं ओतावं लागतं. त्यावर गिरणीनं काढलेला उपाय म्हणजे त्याला मातीवर बांधून टाकायचं. माती आम्लात धुवायची, चाळायची, मिरीएवढ्या गोळ्या पाडून भाजायच्या, त्यांना औषधं लावून एन्झाइम पकडण्याजोगं करायचं, आणि मग एन्झाइमच्या गार पाण्यात हळूहळू घोळत ठेवायचं. माती एन्झाइमला धरते ती सोडत नाही. अशा गोळ्या उभ्या नळकांड्यात भरल्या की वरून धुलाईचं पाणी सोडायचं आणि खालून स्वच्छ पाणी घ्यायचं. एन्झाइम जागचं हलत नाही, महिनोन् महिने तेच काम करत राहतं.

बाप आधी वीटभट्टीवर होता. त्याला मातीची जाण होती, म्हणून लॅबवाल्या बाईंनी त्याला या कामावर घेतलं. कृती सगळी बाईंची. त्यांनी शिकवली तशी तो तंतोतंत करायचा आणि त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहायचा. गिरणीत सगळे त्याला कुंभार म्हणू लागले. आमच्या घराण्यात चाक कधी कुणी फिरवलं नव्हतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

ज्याची चाहूल लागली की घरातलं मांजरसुद्धा माळ्यावर पळायचं, तो माणूस मातीखान्यात, म्हणजे गिरणीतल्या गोळ्या पाडायच्या खोलीत, कसा वागायचा ते सांगितलं तर कुणाला पटणार नाही. लग्नाआधी मी त्याच्या हाताखाली गोळ्या धुवायला होते, त्यामुळं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. एन्झाइमला उष्णता सोसत नाही, आम्ल सोसत नाही, जोराची ढवळाढवळ सोसत नाही. बादलीत हात घालण्याआधी तो आपले हात थंड पाण्यात बुडवून गार करायचा. लाकडी दांडा इतका सावकाश फिरवायचा की पाण्यावर तरंग उठायचा नाही. कुणी मोठ्यानं बोललं तर ओठांवर बोट ठेवायचा. तेच हात घरी आले की आमच्या अंगावर वळ उठायचे. मला त्या मातीचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःचाच राग यायचा.

गोळी जिवंत आहे की मेली ते बघायची त्याची एक रीत होती. पेल्यात पातळ पेरॉक्साइड घ्यायचं आणि एक गोळी सोडायची. ती तळाशी जायची, तिच्या अंगाला बुडबुडे फुटायचे आणि ते बुडबुडेच तिला उचलून वर आणायचे. जितकी लवकर वर, तितकी जोमदार. मेलेली गोळी तळालाच पडून राहायची. गोळी वर आली की तो म्हणायचा, "उठली बघ," आणि हसायचा. त्याचं हसू मी पाहिलं असेल तर त्या पेल्यासमोरच.

एकदा भांडारवाल्यानं तयार गोळ्यांची बादली दुपारभर उन्हात ठेवली. बापानं त्यातली एक गोळी पेल्यात टाकली, ती उठली नाही. दुसरी टाकली, तीही नाही. मग त्यानं पेला विसळून पालथा घातला, हात पुसले, भांडारात गेला आणि भांडारवाल्याचं तोंड टेबलावर आपटलं. समोरचे दात टेबलावरच राहिले. गिरणीनं बापाला काही दिवस घरी बसवलं आणि परत बोलावलं, कारण त्याच्या जागी ठेवलेल्या माणसाच्या निम्म्या गोळ्या तळाला बसायला लागल्या होत्या. भांडारवाल्यानं त्याच टेबलावर पुढं नोकरी केली आणि बापाला समोरून येताना पाहिलं की हातानं तोंड झाकायचा.

घरी बसलेल्या त्या दिवसांत आईचा डावा कान गेला. भांडण कशावरून झालं ते आता आईलाही आठवत नाही. ती गिरणीतल्या डागी कापडाचे उशांचे अभ्रे शिवून विकायची. तेव्हापासून तो ओरडायला लागला की ती डावी बाजू त्याच्याकडं करून मशीनवर बसायची. "तेवढाच फायदा," म्हणायची. आई विनोदी बाई आहे, पण तिचे विनोद ऐकून हसावं की रडावं ते समजत नाही.

माझा नवरा त्याच गिरणीतला, धुलाई खात्यातला. पसंती बापाची. सुट्टीच्या दिवशी दोघं आमच्या ओट्यावर पत्ते खेळायचे. मध्येच बाप उठायचा, आत जाऊन आईच्या अंगावर भांडं भिरकावायचा आणि परत येऊन पान टाकायचा. हा सगळं बघायचा आणि मान खाली घालायचा. त्याला वाईट वाटतंय असं मी धरून चालले. किती बावळट असावं माणसानं. तो शिकत होता.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यानं फक्त वस्तू फोडल्या. दुसऱ्या वर्षी वस्तू महाग झाल्या असाव्यात. केस धरून ओढणं, पोटात लाथ, जेवताना ताटात तोंड दाबणं, हे सगळं मी झेललं आणि शेजारणींना जिना घसरडा आहे म्हणून सांगितलं, जिना नसताना. मग एक दिवस त्याचा मित्र घरी आला, त्याच्या एका विनोदाला मी हसले. मित्र जाईपर्यंत नवरा गप्प होता. मित्राला निरोप देऊन आला, माझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि खांद्यानं दार लोटलं. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुखायला नंतर लागलं.

प्लास्टर घालून घेतलं आणि दवाखान्यातूनच रिक्षा करून आईकडं आले. नवऱ्याच्या घरी पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे रिक्षातच ठरलं होतं. घरात तसं सांगायला तोंड उघडलं तर बाप म्हणाला, "तू गप्प बस." मी गप्प बसले, सवयच ती.

आई मात्र गप्प बसली नाही. तिनं माझं प्लास्टर त्याच्यासमोर धरलं. "बघा," ती म्हणाली, "तुमच्या पसंतीचा. तुमचाच कित्ता गिरवलाय."

आता हिच्या अंगावर काय येणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर बाप माझ्या बोटांकडं बघत होता. ती सुजून निळी पडली होती. मेलेली गोळी तळाला बसली की ज्या नजरेनं बघायचा, त्याच नजरेनं बघत होता. मग उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या फाटकात जे झालं ते मला गोळ्या धुणाऱ्या बायकांनी सांगितलं. बापानं जावयाला अडवलं. नवऱ्यानं सगळ्यांसमोर सायकलवरून न उतरता सांगितलं, "सासरेबुवा, बाईला कसं ठेवायचं ते मी तुमच्याच ओट्यावर बसून शिकलो. आता गुरूनंच रागवायचं म्हणजे काय?" लोक हसले. बायकांना वाटलं, आता याचं डोकं फुटणार. पण बाप बाजूला झाला आणि त्याला जायला वाट दिली. बापाला ओळखणाऱ्या बायका तेव्हाच घाबरल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "तुझा बाप मारतो तेव्हा बरा असतो गं."

पुढचं समजायला नवऱ्याची एक खोड सांगायला हवी. धुलाई खात्यात पेरॉक्साइड निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममधून येतं, ते कडक असतं. पाणी न मिसळलेलं अंगावर पडलं तर कातडी पांढरीफटक होते. हौदात मापानं घालून जे उरेल ते पुन्हा ड्रममध्ये ओतायचं नाही असा सक्त नियम आहे, कारण उरलेल्यात कसला कचरा गेला असेल सांगता येत नाही, आणि कचऱ्यानं ते आतल्या आत तापायला लागतं. नवरा हटकून ओतायचा. सांडपाण्यात सोडायचं तर लांब चालत जावं लागे, आणि चालणं त्याच्या जिवावर यायचं. त्यासाठी एक रिकामा ड्रम त्यानं भिंतीशी ठेवला होता. झाकण घट्ट लावून चहाच्या सुट्टीत त्यावरच बसायचा. त्या झाकणाला वाफ जायला एक भोक असतं. त्यातून फवारा उडून त्याच्या पँटच्या बुडाला पांढरे डाग पडले, सगळे हसले, तेव्हापासून त्यानं भोकात चिंधी ठासून भरली होती. धुलाई खात्यात जन्म काढलेला माणूस, आणि पँटसाठी असलं काम केलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी त्याच्या पँटवर विनोद केले, चिंधी कुणी काढली नाही.

फाटकातल्या प्रकारानंतर दोन दिवसांनी बाप पहिल्या पाळीला होता. दुपारी घरी आला, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि जेवायला बसला. थंडीचे दिवस होते. आईनं वाढलं. त्यानं पोटभर जेवून ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"संध्याकाळपर्यंत तू मोकळी," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मोकळी. जेव तू."

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"त्याच्या त्या बैठकीत मूठभर गोळ्या टाकून आलोय. ताज्या. सकाळी पेल्यात सोडून पाहिल्या, टाकली की वर." आवाजात चक्क कौतुक होतं. "आता दुसऱ्या पाळीला तो उरलेलं ओतेल, झाकण आवळेल आणि वर बसेल. चिंधी त्यानंच घातलीय. माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

"असल्या कडक पाण्यात एन्झाइम टिकतं का?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या संगतीत माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला, याची मला आजही कमाल वाटते.

"नाही टिकत. मरतं. पण मरता मरता पाणी तापवून जातं, आणि पुढं तापवत ठेवायला मातीतलं लोखंड आहेच. ते मरत नाही."

"आणि तिथल्या बायका? कापड पिळणाऱ्या?"

"चहाच्या सुट्टीत त्या बाहेर उन्हात बसतात. बघून ठेवलंय मी."

आई भांडी आवरायची थांबली होती. तिनं ऐकलं होतं.

मी बसून राहिले. किती वेळ ते सांगणार नाही. मला नवरा मेलेला हवा होता. दाराच्या फटीत माझा हात धरताना त्याच्या तोंडावर जो शांतपणा होता तो आठवत होता, आणि त्या तोंडावर ते कडक पाणी पडलेलं मला बघायचं होतं. हे मी कुणापासून लपवत नाही.

पण समोर बाप बसला होता, तृप्त, दात कोरत. आणि मला दिसलं, की इथून पुढं जन्मभर हा असाच समोर बसून जेवणार, आणि दर घासाला मला आठवण करून देणार की हे तुझ्यासाठी केलं. मी जिवंत आहे तीही त्याची कृपा, आणि सुटले तीही त्याचीच. एकाच्या मुठीतून निघून मी दुसऱ्याच्या मुठीत परत आले होते. नवऱ्याला वाचवायला मी उठले नाही. माझ्या सुटकेवर या माणसाचं नाव नको होतं, म्हणून उठले.

मी धावले. प्लास्टरचा हात छातीशी धरून, अनवाणी. गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. मागून बाप ओरडत आला, "तिकडं जाऊ नकोस, ए पोरी." त्याला जावयाची नाही, माझी काळजी होती, एवढं मी त्याच्या पदरात घालते. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला अडवलं नाही. तोंड बघून त्याला वाटलं असेल, नवऱ्याला चार शिव्या द्यायला आलीय.

धुलाई खात्यात सुट्टी झाली होती. यंत्रं बंद, फरशी साबणाच्या पाण्यानं चिकट. नवरा ड्रमवर बसला होता, पाय हलवत, हातात चहाचा पेला. शेजारच्या यंत्रावरच्या माणसाला सांगत होता, "आज बूड मस्त शेकतंय. थंडीत असाच पाहिजे ड्रम." ड्रमचं पोट फुगलेलं मला दारातूनच दिसलं.

"उठा तिथून," मी म्हणाले. "ड्रम फुटणार आहे. उठा, बाहेर चला."

तो हसला. "बघा, आली," तो त्या माणसाला म्हणाला. "घरी यायचं असेल तर नीट सांग. नाटकं कशाला?"

"बाबांनी त्यात माती टाकलीय. हात लावून बघा, किती तापलाय."

"तुझ्या बापाची हिंमत फाटकात बघितली सगळ्यांनी."

आणि बसून राहिला. चारचौघांत बायको उठ म्हणते म्हणून उठायचं, हे त्याच्यानं होणार नव्हतं. खाली मरण उकळत असलं तरी नाही. त्याला जागचा हलवायचा एकच मार्ग मला माहीत होता. मी जवळ गेले, डाव्या हातानं त्याच्या हातातला पेला ओढला आणि चहा त्याच्या तोंडावर फेकला.

"घरी बायकोचा हात दारात चेंगरतोस आणि इथं सुपरवायझर दिसला की शेपूट घालतोस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मर्द म्हणे. उठ की. अंडी उबवतोयस काय?"

यंत्रावरचा माणूस फसकन हसला. त्या हसण्यानं काम केलं.

नवरा उतरला तो माझ्या अंगावरच आला. पहिला ठोसा गालावर बसला, तोंडात रक्ताची चव आली. मी मागं सरले. तो पुढं आला, दुसरा मारला. मी आणखी मागं सरले. पडायचं नव्हतं मला. पडले असते तर तो तिथंच लाथा घालत उभा राहिला असता. दर ठोशाला तो ड्रमपासून एक पाऊल लांब येत होता आणि मी त्याला दाराकडं ओढत होते. आयुष्यभर खाल्लेल्या मारात तेवढाच मार मी माझ्या मर्जीनं खाल्ला. यंत्रावरचा माणूस मध्ये पडायला आला तर मी त्याला ओरडून सांगितलं, "बाहेर पळ." माझ्या तोंडाकडं पाहून तो खरंच पळाला.

आणखी थोडं जमलं असतं तर आम्ही दोघं दाराबाहेर असतो. पण दारात बाप आला.

त्यानं काय पाहिलं? जावई आपल्या पोरीच्या तोंडावर ठोसे मारतोय, एवढंच. ड्रम, गोळ्या, चिंधी, सकाळपासूनचा सगळा हिशेबीपणा त्याच्या डोक्यातून पुसला गेला. मला बाजूला ढकलून त्यानं नवऱ्याची गचांडी धरली आणि मागं रेटत नेलं, थेट भिंतीपर्यंत, त्या ड्रमपर्यंत. मी ओरडत होते. दोघांपैकी कुणाला ऐकू येत नव्हतं. बापानं त्याच्या तोंडावर मारलं, नाक फुटलं. नवऱ्यानं त्याच्या पोटात गुडघा घातला. साबणाच्या पाण्यावर नवऱ्याचा पाय गेला आणि तो पालथा पडला. बाप त्याच्या उशाशी उभा राहिला, ड्रमकडं तोंड करून, आणि त्यानं हात वर उचलला.

तो हात खाली आला नाही. आधी एक फाटल्यासारखा आवाज झाला, मग पत्र्यावर झाकण आपटल्याचा, आणि सगळं खातं पांढऱ्या वाफेनं भरलं. जाळ नव्हता, नुसतं उकळतं पाणी आणि ती घशाला चिरणारी वाफ. जो पालथा पडला होता त्याच्यावरून बरंचसं निघून गेलं. जो मारायला उभा होता त्याला ते तोंडावर बसलं. वाफेतून बाप बाहेर आला तेव्हा त्याचे हात डोळ्यांवर होते आणि हातांची कातडी कागदासारखी पांढरी झाली होती. तो ओरडत नव्हता. भिंत चाचपत होता. मी त्याला नळाखाली ओढलं आणि चांगल्या हातानं पाणी मारत राहिले. माणसं येईपर्यंत मारत राहिले. नवरा मागं कण्हत होता. त्याच्याकडं मी वळून पाहिलं नाही.

डोळे गेले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नवऱ्याची पाठ भाजली होती, ती बरी होणार होती. त्यानं आपल्या भावाबरोबर मला निरोप पाठवला, झालं गेलं विसरून घरी ये म्हणून. भावाला मी दवाखान्याच्या जिन्यातूनच परत पाठवलं. पोलिस आले तेव्हा बापानं त्यांना विचारायची तसदीच दिली नाही, सगळं स्वतःहून सांगितलं. किती गोळ्या, कधीच्या, कुठून टाकल्या. लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणाला, "नीट लिही, घाई करू नकोस."

पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तेव्हा आई पलीकडच्या स्टुलावर बसली होती.

"मेला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

पट्ट्यांखाली जबडा हलत होता. मग म्हणाला, "मग तू सुटणार कशी?"

मला रडू आलं. त्याच्या डोळ्यांसाठी नाही. या माणसाला सुटकेचा एवढाच एक रस्ता माहीत होता, म्हणून आलं.

"मी कधीच सुटले, बाबा," मी म्हणाले. "प्लास्टर घालून रिक्षात बसले तेव्हाच. मी परत जाणारच नव्हते. तुम्हाला सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, गप्प बस."

"तो आला असता न्यायला."

"आला असता. मी गेले नसते. पोलिसात गेले असते, लॅबवाल्या बाईंकडं गेले असते, दुसऱ्या गावात गेले असते. कुणाला मारायची गरज नव्हती. निघून आलं की झालं."

"निघून आलं की झालं," तो म्हणाला. मला वेडावत नव्हता. कुणी परक्या भाषेत सांगावं तसं ते शब्द जुळवून बघत होता.

आईनं ते ऐकलं. स्टुलावरून उठली, पिशवी घेतली. त्याच्या उशाशी औषधांच्या बाटल्या होत्या, त्या त्याच्या हाताला लागतील अशा सरकवून ठेवल्या, पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारी. मला वाटलं, घरी जाऊन स्वयंपाक करायला निघाली.

"कुठं खोली बघितलीयस?" तिनं मला हळूच विचारलं.

"बाईंच्या घरामागं एक रिकामी आहे."

"दोघी मावतो का?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती विनोद करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एवढा घाईचा भाव मी कधी पाहिला नव्हता. जणू गाडी सुटायला आली होती आणि मी उगाच वेळ काढत होते.

"मावतो," मी म्हणाले.

बाप पट्ट्यांआडून स्टुलाच्या दिशेला वळला. "काय कुजबुजताय?" त्यानं विचारलं. "जरा पाणी दे गं."

आई दारापर्यंत गेली होती. ती थांबली. मी तिच्याकडं बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, वळू नकोस. मी पुढं होऊन त्याच्या तोंडाला पाणी लावलं. तो प्यायला. मी तांब्या जागेवर ठेवून वळले तेव्हा आई व्हरांड्यात पोचली होती.

तो जामिनावर घरी आहे, मी रोज त्याला डबा नेते. खटला चालू आहे. गिरणीतल्या नळकांड्यातून पाणी स्वच्छ येतं का ते तो मला विचारतो, मातीखान्यात आता कोण आहे ते विचारतो, आणि निघताना दर वेळी विचारतो, "ती आलीय का?" मी नाही म्हणते. मला त्याची दया येते, खोटं कशाला बोलू. पण आईला मी त्याचा निरोप कधी दिला नाही. ती मागच्या खोलीत अभ्रे शिवत असते, आणि शिवताना गाणं म्हणते. तिला गाता येतं हे मला या घरात आल्यावर समजलं.